जुनी साडी, सुती दोर आणि वेटोळ्याचं बस्कर: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

कानबाई, म्हणजे श्रावणात घरोघरी मांडतात ती आमची देवी, बसायच्या आधी खान्देशातलं घर जसं ढवळून निघतं तसं दिवाळीलाही निघत नाही. अंथरुणं धुतली जातात, पेट्या उघडतात, माळ्यावरचं सगळं अंगणात येतं. दर श्रावणात त्या पसाऱ्यात माझ्यापुढे एकच ढीग उरायचा, सुती साड्यांचा. नेसायच्या पलीकडे विरलेल्या, पण टाकवत नाहीत अशा. गोधडी करावी तर घरात आधीच्या सात पडल्यात, आणि ज्यांच्या हाताला ती कला होती त्या सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून मी दुसरी वाट धरली. दोराला साडीच्या पट्ट्या गुंडाळायच्या, तो मढवलेला दोर जिलबीसारखा वळवत न्यायचा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला मशीनवर झिगझॅग टाक्याने जोडायचा. जाड, जड, पायाला मऊ असं बस्कर तयार होतं. मोठं केलं की गालिचा.

ऐकायला सोपं आहे. करायलाही सोपंच आहे, पण माझं पहिलं बस्कर परातीसारखं वाकलं, दुसरं मधूनच उसवलं आणि तिसरं धुतल्यावर लांबोडं झालं. चौथं आज अमळनेरच्या आमच्या घरी देवघरासमोर आहे. पहिल्या तिघांनी जे शिकवलं ते इथे लिहिते, म्हणजे तुमचं पहिलंच जमिनीला टेकून बसेल.

जमवायचं सामान

- झिगझॅग टाका घालणारी शिलाई मशीन
- सुती दोर, ५ ते ६ मिलिमीटर जाडीचा (किती लागेल ते पायरी ३ मध्ये)
- सुती साड्या. तीन फुटी गालिच्याला एक पुरते, पण रंगांसाठी दोन घ्या
- १६ आणि १८ नंबरच्या सुया, मिळून पाच-सहा. मोडणारच आहेत
- पॉलिएस्टर दोऱ्याचा हजार मीटरचा कोन, आणि भरून ठेवलेल्या सात-आठ बॉबिन
- कपडे वाळत घालायचे चिमटे, डझनभर. टाचण्या नकोत, त्या सुईखाली येतात
- टेप, कात्री, बादली, मशीनचं तेल, छोटा ब्रश
- चष्मा. नंबरचा नसला तरी चालेल, साधा घाला. १८ नंबरची सुई मोडली की तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही

१. आधी मशीनची परीक्षा

घरोघरी असते ती काळी पायमशीन फक्त सरळ टाका घालते. ती या कामाला उपयोगाची नाही. इथे दोन दोर शेजारी शेजारी ठेवायचे असतात आणि सुई एकदा डाव्या दोरात, एकदा उजव्या दोरात उतरायला हवी. सरळ टाका दोघांच्या मधल्या फटीत पडतो आणि काहीच धरत नाही.

झिगझॅगची मशीन असेल तर दुसरी परीक्षा. दोराचा वीतभर तुकडा पट्टीने गुंडाळून घ्या, मशीनचं फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय, पूर्ण वर उचला आणि तुकडा खालून जातो का बघा. फुटाची दांडी नेहमीच्या जागेच्याही वर दाबून धरली की बऱ्याच मशीनवर फूट आणखी थोडं उचललं जातं. मला हे मशीन घेऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. तरीही दोर अडकत असेल तर दोर बारीक घ्या, मशीनशी झुंजू नका.

झिगझॅगची रुंदी असेल तेवढी सगळी ठेवा. घरगुती मशीनवर ती बहुधा ५ असते, काहींवर ७. टाक्याची लांबी २.५ ते ३. फुटाचा दाब कमी करायचा नॉब असेल तर तो सैल करा. सुई आधी १६ ची लावा, टाके सुटायला लागले तर १८ ची. मग त्याच तुकड्यांवर हातभर शिवून बघा आणि दोन्ही दोर दोन बाजूंना ओढा. फट उघडून टाके शिडीसारखे दिसले तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं वाढवा.

झिगझॅगची मशीन नाहीच? मग दाभण घ्या. पोती शिवायचं दाभण आणि गोधडीचा जाड दोरा, दोऱ्याला मेण लावलेला. दोर सपाट पाटावर ठेवायचा, दाभण आधीच्या फेऱ्याच्या कुशीतून घालून नव्या फेऱ्याच्या कुशीतून काढायचं, दर दीड सेंटिमीटरला एक टाका. वेळ चौपट लागतो, पण वीज गेली तरी काम थांबत नाही. आणि खरं सांगायचं तर हाताने शिवलेलं बस्कर अधिक सपाट बसतं, कारण हाताला घाई नसते. खालचं बाकी सगळं दोघांनाही लागू आहे.

२. दोर निवडणं

माझा पहिला दोर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याचा होता. नणंदा येऊन झोके घेऊन गेल्या, दोर आडव्या वाशाला तसाच लोंबत होता. म्हटलं, फुकटात काम झालं. अंगठ्याएवढा जाड तो दोर फुटाखाली जाईना, कसाबसा कोंबला तर सुई तिसऱ्या टाक्याला मोडली. झोक्याचा दोर झोक्यालाच ठेवा.

मग बाजार. कापसाच्या मुलखात राहून सुती दोरासाठी मी तीन बाजार पालथे घातले. गुरांची दावी, कासरे, सगळं आता नायलॉनचं. पोळ्याच्या आधी आठवडे बाजारात दोरवाले बसतात तेव्हा निवड जरा बरी असते. वर्षभर हमखास मिळायची जागा म्हणजे मॅक्रमेचं, म्हणजे दोराला गाठी मारून करायच्या विणकामाचं, सामान ठेवणारी दुकानं. तिथे दोर मिलिमीटरच्या मापानेच मागता येतो. दोरा, सुया, बॉबिन हे जळगावच्या फुले मार्केटात कापड घ्यायला गेलात की एका फेरीत उरकतं.

नायलॉनचा दोर स्वस्त पडतो, पण तो गुळगुळीत असतो. पट्टी त्याच्यावरून घसरते, आणि शेवटी इस्त्री फिरवली तर आतून वितळतो. खाटेचा सुंभ तर अजिबात नको. त्याची कुसळं साडीच्या पट्टीतून वर येतात आणि तळव्याला टोचत राहतात.

सुती दोरातही दोन जाती आहेत. एक पिळाचा, एक वेणीसारखा विणलेला. वेणीचा मिळाला तर तोच घ्या. पिळाचा दोर वळवता वळवता स्वतःचा पीळ सोडत जातो, आणि तो पीळ बस्करात उतरून कडा वरखाली होतात.

आणलेला दोर आधी साध्या पाण्यात तासभर भिजवून वाळवा. सुती दोर पहिल्या पाण्याला आकसतो. तो बस्करात शिवल्यावर आकसण्यापेक्षा आधी आकसलेला बरा. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गच्चीवर टाकलेला दोर दुपारच्या जेवणाआधी कडक वाळतो. पावसाळ्यात मात्र दोन-तीन दिवस धरा. आतून ओला राहिलेला दोर मढवला तर महिन्याभरात कुबट वास येतो आणि तो पुढे कशानेच जात नाही.

३. किती दोर लागेल

दुकानदाराला विचारू नका, त्याला माहीत नसतं. हिशोब सोपा आहे. सहा मिलिमीटरचा दोर पट्टी गुंडाळून आणि टाक्याने दाबून साधारण ७ मिलिमीटर रुंद जागा घेतो. त्यावरून गोल बस्करासाठी व्यास फुटात मोजा, त्याचा वर्ग करा, दहाने गुणा. उत्तर मीटरमध्ये.

एक फूट: १० मीटर.
दोन फूट: ४० मीटर.
तीन फूट: ९० मीटर.

लांबट बस्कर हवं असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले अकरा. म्हणजे दोन बाय तीन फुटाला ६६ मीटर. वर दहा टक्के जास्त घ्या.

हे आकडे पुन्हा एकदा बघा, कारण त्यात एक फसगत दडलेली आहे. तीन फुटी गालिचा दोन फुटांचा झाला की आपल्याला वाटतं, झालं, आता थोडंच उरलं. प्रत्यक्षात निम्मंही झालेलं नसतं. ९० पैकी ४० मीटर. माझी निळी साडी याच ठिकाणी संपली आणि उरलेल्या गालिच्याला मोरपंखी, पिवळा, जे मिळेल ते लावावं लागलं. जो रंग सगळ्यात जास्त आवडतो तो बाहेरच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवा, आणि साडी बाहेरच्या फेऱ्यांच्याच हिशोबाने मोजा.

सुती दोर बऱ्याच ठिकाणी किलोवर मिळतो. दहा मीटर मोजून घ्या, ते काट्यावर टाका आणि तिथेच गुणाकार करा. दोरवाला हसेल, हसू द्या.

पहिलं काम एक फुटाचंच करा. दहा मीटर दोर, एक दुपार. हॉटपॉटखाली, देवापुढे, कुठेही खपतं. आणि बिघडलं तर मन खट्टू होत नाही.

४. साडी फाडणं

कापायची नाही, फाडायची. सुती साडीला पदराच्या टोकाशी कात्रीने बोटभर चीर द्या आणि दोन हातांनी ओढा. टर्र करत ती धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. साडेतीन-चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या, साडीच्या लांबीत, म्हणजे एकेक पट्टी साडेपाच मीटरची मिळते. आडव्या फाडल्या तर मीटरभराच्या मिळतील आणि दर मीटरला जोड येईल.

फाडण्याआधी काठ सोडवून बाजूला ठेवा. जरीचा काठ वापरू नका. जर दोऱ्याला कापते आणि पायाला टोचते. साधा सुती काठ मात्र शेवटच्या फेऱ्याला लावला की बस्कराला आपोआप किनार येते. बसायच्या जागी विरलेला भाग सरळ काढून टाका. मोह होतो, पण तिथली पट्टी गुंडाळतानाच तुटते.

सिंथेटिक साडी फाटत नाही, तिला कापावं लागतं, आणि ती घसरते. पहिल्या खेपेला टाळा.

रंग जातो का ते आत्ताच बघा. पांढऱ्या ओल्या फडक्याने साडीचा कोपरा जोरात घासा. फडकं रंगलं तर ती साडी फिकट साडीच्या शेजारी येऊ देऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळ्या बायका सांगतात, मीही दोनदा केलं. लाल साडीने दोन्ही वेळा शेजारच्या पांढऱ्या फेऱ्याला गुलाबी करून सोडलं.

फाडलेल्या पट्ट्यांच्या कडेला सुटे धागे लोंबतात. ते सगळे उपटत बसू नका, हाताला येतील तेवढे काढा. थोडे राहिले तर ते गुंडाळीत जातात.

५. दोर मढवणं

पट्टीचं टोक दोराच्या टोकावर दुमडून घ्या, म्हणजे दोराचं तोंड झाकलं जाईल. मग पट्टी तिरकी धरून गुंडाळत या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. या हिशोबाने मीटरभर दोराला साधारण सव्वा मीटर पट्टी जाते. दोर मधून पांढरा डोकावत असेल तर पट्टी जास्त ताणली जाते आहे.

एका वेळी मीटर-दीड मीटरच मढवा, टोकाला चिमटा लावा आणि शिवायला बसा. संपलं की पुढचं. सगळा ९० मीटर दोर आधी मढवून ठेवायचा उत्साह मला होता. रात्रभरात निम्मा उलगडला, आणि सकाळी मांजर त्यात बसलेलं.

पट्टी संपली तर गाठ मारू नका. गाठीचा गोळा फुटाखाली अडकतो आणि तिथे सुई हमखास मोडते. जुन्या पट्टीचं शेवटचं टोक नव्या पट्टीच्या सुरुवातीखाली चार बोटं दाबायचं आणि गुंडाळत पुढे जायचं. शिवताना टाका ते धरतोच. जोड दर फेऱ्याला एकाच जागी येत असेल तर पट्टी थोडी तोडून तो पुढे सरकवा, नाहीतर तिथे उंचवट्याची रेघ तयार होते.

गुंडाळी नेहमी एकाच दिशेने. मध्येच हात बदलला तर फेऱ्यांवरचे तिरपे पट्टे उलटे दिसतात. बिघडत काही नाही, पण दिसतं.

६. मधली चुंबळ

डोक्यावर कळशी घ्यायला चुंबळ वळतात, तशीच ही सुरुवात. मात्र चुंबळीच्या मध्ये भोक असतं, इथे नको. दोराचं टोक घट्ट वळवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन फेरे गुंडाळा. चिमट्याने धरा.

आता या छोट्या चकतीवर सरळ टाक्याने एक आडवी आणि एक उभी शिलाई मारा, अधिकच्या खुणेसारखी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मोटरने नको, चाक हाताने फिरवा. इथे दोर सगळ्यात घट्ट वळलेला असतो आणि सुईला जोर लागतो. सासूबाईंच्या गोधडीतही मधला टाका सगळ्यात आधी पडायचा, चारही बाजू त्याच्याशी बांधलेल्या असायच्या. इथेही तेच आहे. माझं दुसरं बस्कर मधूनच उसवलं ते ही खूण न मारल्यामुळे.

घड्याळाच्या दिशेनेच का? शिवताना बस्कर सुईच्या डावीकडे राहतं, नवा दोर उजवीकडून येतो आणि बस्कर घड्याळाच्या उलट फिरत जातं. डावीकडे टेबलाची सगळी जागा मोकळी असते. उलट्या दिशेने वळवलं तर बस्कर सुईच्या उजवीकडे, मशीनच्या पोटात जायला लागतं. तिथे जेमतेम वीतभर जागा. सुरुवातीला कळत नाही, मग ते फूटभराचं झालं की मशीनच्या खांबाला धडकून अडतं.

माझं असंच झालं. मी रडवेली होऊन बारा फेरे उसवले. गल्लीतले टेलरमामा बघत उभे होते. त्यांनी उरलेली चकती हातात घेतली आणि नुसती पालथी करून ठेवली. उजवी दिशा डावी झाली. तर तुमचं चुकलं असेल तर उसवू नका, पालथं करा.

७. फेरे घालणं

इथून पुढे झिगझॅग. बस्कर डावीकडे, दोर उजवीकडे, आणि दोघांमधली फट फुटाच्या बरोबर मध्यात. डोळा सुईवर ठेवू नका, फुटाच्या पुढे बोटभर अंतरावर ठेवा. तिथे दोन्ही दोर चिकटून येत असतील तर सुईखाली ते चिकटलेलेच असतात.

पहिले आठ-दहा फेरे फार हळू. दर चार-पाच टाक्यांनी थांबून, सुई खाली ठेवून, फूट उचलून चकती थोडी फिरवायची. सुई वर असताना फूट उचललं तर चकती सरकते आणि टाका चुकतो. वीतभराची चकती झाली की ती आपणहून फिरायला लागते आणि थांबावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं पहिलं बस्कर बाराव्या फेऱ्यापासून कडेने वर उठायला लागलं. मला वाटलं इस्त्रीने बसेल. विसाव्या फेऱ्याला सासूबाई आल्या, दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "हाई बस्कर शे का परात?" मग माझ्या शेजारी बसून त्यांनी दोन फेरे नुसते पाहिले. "दोरले ताणू नको माय, जितलं लागस तितलं लेऊ दे त्याले." म्हणजे दोर ताणू नको, जेवढा लागतो तेवढा घेऊ दे त्याला.

त्यांना गणित येत नाही, पण गणित तेच सांगतं. सात मिलिमीटरच्या दोरात प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा साधारण साडेचार सेंटिमीटर जास्त लांब असावा लागतो. बस्कर ताटलीएवढं असो की खोलीएवढं, वाढ तेवढीच. तुम्ही दोर जरासा ताणून धरला, फेऱ्याला साडेचारऐवजी चारच सेंटिमीटर मिळाले, तर पाच फेऱ्यांत अडीच सेंटिमीटर कमी पडतात. बाहेरची कड आतल्यापेक्षा आखूड होते आणि बस्कर वाटीसारखं उभं राहतं. दोर ढिला ढकलत राहिलात तर उलटं होतं. कड जास्त लांब होऊन झालरीसारखी लाटा मारते.

तेव्हा उजव्या हाताने दोर ओढायचा नाही, फक्त वाट दाखवायची. हाताने ताण दिला नाही तरी तो तीन ठिकाणांहून चोरून येतो.

पहिलं ठिकाण, टेबलावरून खाली लोंबणारा दोर. त्याचं स्वतःचं वजन सतत मागे ओढत असतं. न मढवलेला दोर बादलीत गोल सोडा आणि बादली खुर्चीवर, टेबलाच्या उंचीला ठेवा.

दुसरं, डावीकडे लोंबणारं बस्कर. तीन फुटी गालिचा अडीच किलोच्या आसपास जातो. तो टेबलाच्या कडेवरून खाली वाकला की सुईपाशी वाकडाच शिवला जातो. मशीनच्या डाव्या अंगाला तिच्या पृष्ठभागाच्या उंचीपर्यंत काहीतरी रचा. मी सातपैकी चार गोधड्या घड्या घालून रचल्या, त्यांचा तेवढा तरी उपयोग झाला. मशीन जमिनीवर मांडून बसत असाल तर हे काम आणखी सोपं.

तिसरं, गुंडाळलेली पट्टी. दोर सैल आणि पट्टी ताणलेली असली तरी तोच परिणाम होतो, फक्त उशिरा कळतो.

दर तीन फेऱ्यांनी बस्कर मशीनवरून काढून फरशीवर ठेवा आणि तळहात फिरवा. कड बोटभर उठलेली दिसली तर लगेच पुढची पायरी वाचा. ती आपोआप बसत नाही. दहा फेऱ्यांनंतर तर मुळीच नाही.

आणि दर फेऱ्याला पालथं करून बघा. वरून सुंदर दिसणारी शिलाई खालून एकाच दोरात पडलेली असू शकते. फट दिसली तर तेवढ्या भागावरून पुन्हा झिगझॅग मारा. टाक्यावर टाका दिसत नाही.

दर बॉबिन बदलताना सुईखालची पत्री काढून ब्रश फिरवा. सुती दोर आणि जुनी साडी मिळून इतकं तूस सोडतात की दोन बॉबिनमध्ये दाते भरून जातात, मग कापड पुढे सरकत नाही आणि आपण दोष दोऱ्याला देतो. एक थेंब तेल. मोटर हाताला गरम लागली तर चहा घ्या. तीन फुटी गालिच्याला मला चार दुपारी लागल्या, त्यातली एक निव्वळ लोडशेडिंगमध्ये गेली.

८. वाकलंच तर

थोडं उठलं असेल, दोन-तीन फेऱ्यांपुरतं, तर पुढचे दोन फेरे मुद्दाम सैल घाला. दोर हाताने हलकेच फुटाखाली ढकलत राहा. कड पुन्हा खाली येते.

लाटा येत असतील तर उलट करा, दोन फेरे किंचित आवळून.

पाचपेक्षा जास्त फेरे बिघडले असतील तर तिथपर्यंत उसवा. वाईट वाटतं, पण झिगझॅग उसवायला सोपा असतो. खालचा दोरा दर हातभरावर कापायचा आणि दोर ओढायचा. दोर आणि पट्टी दोन्ही शाबूत राहतात.

किंवा हार मानून त्याची परडी करा. पुढचे फेरे ओढून ओढून घातले की कड सरळ उभी राहते. माझं पहिलं बस्कर आज लसूण-कांद्याची परडी आहे आणि येणारी प्रत्येक बाई तिचंच कौतुक करते, गालिच्याचं नाही.

९. लांबट हवं असेल तर

चुंबळीऐवजी दोर सरळ ठेवा आणि परत दुमडा. हा मधला सरळ भाग किती? बस्कराच्या लांबीतून रुंदी वजा करा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद हवं तर मधला भाग एक फुटाचा. वाढीचा नियम तोच, मात्र ती सगळी वाढ फक्त दोन टोकांच्या वळणांवर लागते. सरळ भागात दोर जसा येईल तसा घ्या, वळणावर मुद्दाम सैल सोडा.

१०. शेवट करणं

दोर नुसता कापून सोडला तर कडेला पायरी राहते आणि पाय तिथेच अडकतो. शेवटचे पाच-सहा सेंटिमीटर राहिले की पट्टी थोडी उलगडा, आतला दोर कात्रीने तिरका छाटत शेपटीसारखा निमुळता करा आणि पट्टी पुन्हा गुंडाळून टोक आधीच्या फेऱ्याखाली दाबा. तिथे झिगझॅग मागे-पुढे तीन-चार वेळा.

मग बस्कर पालथं करून ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. घासू नका, दाबून उचला. रात्रभर फरशीवर ठेवून वर गादी टाका. किरकोळ उंचवटे बसतात. परातीचं बस्कर मात्र इस्त्रीने होत नाही, प्रयत्न करून झाला आहे.

फरशीवर ते घसरतं. घरात म्हातारं माणूस असेल तर खाली जाळीची रबरी शीट बस्करापेक्षा बोटभर लहान कापून घाला. ही गोष्ट उद्यावर टाकू नका.

११. धुणं आणि डागडुजी

धुताना टबात थंड पाणी, थोडी साबणाची पावडर, पायाने तुडवायचं. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, पिळूही नका. टबाच्या कडेवर ठेवून पाणी निथळू द्या आणि बाजेवर आडवं पसरून वाळवा. माझं तिसरं बस्कर मी दोरीवर टाकलं होतं. ओलं झाल्यावर त्याचं वजन इतकं वाढलं की संध्याकाळपर्यंत गोलाचं पपईसारखं झालं, आणि ते तसंच आहे.

दोन-तीन महिन्यांनी बस्कर जागच्या जागी अर्धं फिरवून ठेवा, नाहीतर दाराकडचीच बाजू झिजते. टाका सुटलेला दिसला की त्याच दिवशी हाताने चार टाके घाला. एक सुटला की शेजारचे चार आठवड्याभरात सुटतात. आणि उरलेल्या पट्ट्यांपैकी प्रत्येक रंगाची एकेक पेटीत ठेवून द्या. वर्षा-दोन वर्षांनी कुठे पट्टी फाटली तर तोच रंग दुकानात मिळत नाही, कारण ती साडी दुकानात येऊन तीस वर्षं झालेली असतात.